उन्हाच्या खोलीतले बारा

मंगळवार, चौदा जानेवारी. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. 'हिदामारी' वृद्धनिवासाच्या उन्हाच्या खोलीत सात नंबरचा रोबो भिंतीपासून निघाला, खोली ओलांडून सोफ्याच्या डाव्या टोकाशी गेला आणि तिथे टेकला. सोफ्यावर कोणी बसलेलं नव्हतं.

मी दारापाशी उभा होतो, वही हातात होती. जपानमधल्या हामामात्सुच्या स्थानिक वर्तमानपत्रात मी एकतीस वर्षं बातम्या लिहीत आलो आहे. त्या महिन्यात माझ्याकडे एक छोटी चौकट होती. मिकाताहारा पठारावरच्या या निवासात भावना ओळखणाऱ्या सोबती रोबोची तीस दिवसांची चाचणी चालणार होती. रोज दुपारी तिथे जायचं आणि चारच्या आत दहा ओळी पाठवायच्या, एवढंच काम. पहिल्या दिवसासाठी मी मथळाही ठरवून आलो होतो.

रोबोचं नाव नुकु. उंची गुडघ्याएवढी, वजन पावणेचार किलो. अंगावर जाड लोकरी नमदा, पियानोच्या हातोड्यांना लावतात तोच, आणि तो आमच्या पियानो-कारखान्यांच्या गावात कुठेही मिळतो. आत पेटीला असतो तसा चामड्याचा भाता, त्याने तो श्वास घेतो. त्याला चेहरा नाही. तो मुद्दाम दिलेला नाही.

"चेहरा दिला की संपलं," असं नुकु बनवणाऱ्या मिझोगामी सानाएबाई मला पहिल्या भेटीतच म्हणाल्या होत्या. "समोर चेहरा दिसला की आपला माणूस हसून 'मी मजेत आहे' म्हणणार. घर जळत असलं तरी म्हणणार. म्हणून माझा नुकु समोरून येतच नाही. बाजूने येतो, टेकतो आणि माणूस बघत असेल तिकडेच बघतो. मग माणूस खरं बोलतो."

"तोंडाने?" मी विचारलं.

"श्वासाने हो. तोंडाने कोण खरं बोलतं? तुम्ही वर्तमानपत्रवाले?"

त्यांचं वय चौसष्ट. आवाज खणखणीत. बावीस वर्षं त्या या एकाच यंत्रामागे होत्या. नुकुचं काम सांगायला सोपं आहे. खोलीत सगळ्यात कष्टी कोण आहे ते तो श्वासावरून ओळखतो, त्याच्याकडे जातो, त्याच्याच लयीत श्वास घ्यायला लागतो आणि मग आपली लय हळूहळू उतरवत नेतो. माणूसही नकळत त्याच्यामागे उतरतो. मिनिटाला आठ श्वासांवर नुकु थांबतो. माणूस निवला की तो आपला भिंतीशी परत.

चाचणीची अट एकच होती आणि ती कडक होती. जिथे माणूस नाही तिथे रोबोने प्रतिसाद द्यायचा नाही. असा एक जरी 'खोटा प्रतिसाद' झाला तरी चाचणी बाद, आणि पुढची संधी दोन वर्षांनी. मिझोगामीबाईंकडे दोन वर्षं नव्हती. मार्चअखेर त्या निवृत्त होणार होत्या आणि त्यांचा विभागही बंद होणार होता. पास झाला तर नुकु प्रांतातल्या साठ निवासांत जाणार, नाही तर तळघरातल्या कपाटात.

आणि पहिल्याच दिवशी, पहिल्याच मिनिटाला, तो रिकाम्या सोफ्याला टेकला होता.

शेजारच्या खोलीत मिझोगामीबाई पडद्यासमोर ताठ बसल्या होत्या. त्यांच्या बाजूला अत्सुमीकाका. हे पूर्वी पियानोच्या कारखान्यात सूर लावायचे. नुकुचे कान त्यांनी जुळवले होते. वय एकोणऐंशी.

"तार सुटली असेल," काका म्हणाले. "आणा इकडे, बघतो."

"तार सुटली तर आकडा शून्य येतो. हा बघा." बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "श्वास मिनिटाला बावीस. उथळ. आणि याच्या पाठीवर दाब आहे."

"कसला दाब?"

"हाताचा. कोणी पाठीवर हात ठेवल्यासारखा."

त्यांनी सात नंबर काढून घेतला आणि राखीव चार नंबर आत सोडला. चार नंबर भिंतीपासून निघाला आणि सोफ्याच्या डाव्या टोकाशी गेला. बावीस.

बाईंनी पेन उघडलं. अर्जावर 'खोटे प्रतिसाद' असा रकाना असतो. तिथे 'एक' लिहिण्याआधी नियमाप्रमाणे उपस्थितीचा कागद जोडावा लागतो. तो कागद नोनाका चिहारूकडे होता.

चिहारू निवासाची मुख्य सेविका. त्याआधी ती उपनगरी रेल्वेच्या स्टेशनवर होती, आणि तिकडची सवय तिने इकडे आणली होती. दर तासाला ती दारात उभी राहून हात सरळ करते, एकेकाकडे बोट दाखवते, मोठ्याने नाव घेते आणि म्हणते, "ठीक!" शेवटी संख्या उच्चारते आणि शाईने लिहिते. एकोणीस वर्षांत तिची मोजणी चुकली नव्हती. चाचणी घेणाऱ्या समितीने हीच पद्धत लावून घेतली, कारण कॅमेऱ्याला रहिवाशांची हरकत होती.

तिने कागद आणला. दोन वाजता. उपस्थित : बारा.

निवासात रहिवासी अकरा आहेत.

"नोनाकाबाई, हे अकरा हवं ना?" मी विचारलं.

"बारा," ती म्हणाली. "बोट दाखवून मोजलेत."

"अकराच राहतात इथे."

"हो. अकराच राहतात."

"मग बारावं नाव कोणाचं घेतलंत?"

तिने कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "घेतलं होतं मी," ती म्हणाली. "नाव घेतल्याशिवाय मी 'ठीक' म्हणत नाही."

आम्ही उन्हाच्या खोलीत जाऊन कोगुरेआजींना विचारलं. आजी एक्याण्णव वर्षांच्या, पण कान तल्लख. त्या संत्रं सोलत होत्या.

"आजी, दोन वाजता नोनाकाबाईंनी नावं घेतली, ती ऐकलीत?"

"रोज ऐकते. बहिरी नाही मी."

"शेवटचं कोणाचं होतं?"

"घेतलं होतं बाई कोणाचं तरी." आजींनी साली ओळीने बशीत मांडल्या. "तिचं काम ती करते. मी कशाला तोंड घालू? आणि तुम्ही उभे का? बसा की. त्या बाजूला नको, इकडे बसा."

बाईंनी पेन मिटलं. नियमात लिहिलं होतं की खोटा प्रतिसाद म्हणजे मोजलेल्या उपस्थितांपैकी कोणीही नसलेल्या जागी दिलेला प्रतिसाद. मोजलेले उपस्थित बारा होते. शाईने लिहिलेला आकडा खोडायची नियमात सोय नव्हती.

त्या दिवशी मी माझ्या चौकटीत लिहिलं : 'उपस्थित बारा. नुकुने सत्तावीस मिनिटं काम केलं. खोटे प्रतिसाद शून्य.' कागदावर होतं तेच लिहिलं. आमच्या गावात मे महिन्यातल्या पतंगांच्या उत्सवात मी एका मोहल्ल्याचा पतंग मोजायला विसरलो तर दुपारपर्यंत सात फोन येतात. या बाराबद्दल एकही फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी बारा. तिसऱ्या दिवशी बारा. चिहारू आमच्यासमोर मोजायची आणि आम्ही तिच्या बोटाकडे पाहायचो. अकरा नावं स्पष्ट ऐकू यायची. मग बोट सोफ्याच्या डाव्या टोकाकडे वळायचं, तिचे ओठ हलायचे आणि "ठीक!" ऐकू यायचं. मध्ये ती काय म्हणाली ते दर वेळी सगळ्यांनी ऐकलेलं असायचं. लिहायला पेन टेकवावं तर ते डोक्यातून गेलेलं असायचं. माझ्या वहीत त्या तारखांना त्या जागी एकेक शाईचा ठिपका आहे.

नुकु रोज दोन वाजून दहा मिनिटांनी तिथे जाऊन टेकायचा. बावीस. मग एकवीस. आठवड्याने अठरा.

दहाव्या दिवशी मिझोगामीबाईंनी मला आलेख दाखवला. प्रत्येक रहिवाशाची एक रेघ होती. कोणाची वर-खाली, कोणाची अडखळत. एकच रेघ जिना उतरावा तशी नेमाने उतरत होती.

"बावीस वर्षांत अशी रेघ पाहिली नव्हती," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "माझ्या यंत्राचं सगळ्यात सुंदर काम हे आहे, कुरामोचीसाहेब."

"पण बाई, तिथे कोणी नाही."

"तुम्हाला दिसत नाही म्हणा. मलाही दिसत नाही. मी त्याला डोळे दिलेच नाहीत, कारण डोळे फसतात. आता त्याला जे कळतंय ते माझ्या डोळ्यांना कळत नाही म्हणून मी त्याला खोटं पाडू?"

अत्सुमीकाकांनी नुकुला ऐकू येतं ते ऐकवणारं, कानाला लावलेलं यंत्र काढून माझ्याकडे दिलं. "ऐका."

मी ऐकलं. दूरवर बाहेर वारा होता, पठारावरचा कोरडा. विणायच्या सुयांचा आवाज होता. त्याच्या अलीकडे, अगदी जवळ, कोणीतरी नाकाने श्वास घेत होतं. आत जाताना जरासा ओला आवाज.

"माणसाचाच आहे," काका म्हणाले. "चाळीस वर्षं लाकडाचे, तारांचे, चामड्याचे आवाज वेगळे केलेत मी. हे मांस आहे. आणि एवढं बारीक ऐकणारे कान कोणी बनवले? आम्ही!" ते हसले. मग हसू ओसरलं आणि त्यांनी यंत्र परत मागितलं नाही.

सोळाव्या दिवशी मी ठरवून सोफ्याच्या डाव्या टोकावर बसलो. उबदार ऊन होतं. मांडीवर वही घेतली. दोन वाजून दहा मिनिटांनी नुकु भिंतीपासून निघाला, माझ्या बाजूने आला आणि हातभर अंतरावर थांबला. टेकला नाही. भाता हलत होता. खोलीतल्या सुया थांबल्या. मला वाटलं, तो माझा श्वास ओळखतो आहे.

"कुरामोचीसाहेब," चिहारू दारातून हलक्या आवाजात म्हणाली, "जरा सरकता का?"

मी सरकलो. नुकु पुढे आला आणि मी सोडलेल्या जागेला टेकला.

"का सरका म्हणालात?" मी नंतर तिला विचारलं.

"मी म्हणाले?" ती खरोखर ओशाळली. "माफ करा हं. गाडीत उभ्या माणसाला जागा करून द्यायची सवय. तोंडातून गेलं असेल."

रेघ उतरत राहिली. तेरा. अकरा. नऊ. शनिवार, आठ फेब्रुवारी, सव्विसावा दिवस : आठ.

आठवर दहा मिनिटं झाली की नुकुने भिंतीशी परत जायचं असतं. तो गेला नाही.

रविवारी आकडा सात होता.

हे होऊ शकत नव्हतं. नुकुच्या भात्यात एक पितळी स्क्रू आहे. तो भात्याला आठच्या खाली जाऊच देत नाही. बाईंनी तो स्वतः बसवला होता आणि त्यावर लाखेची मोहोर केली होती. आमच्यासमोर त्यांनी सात नंबरचं अंग उघडलं. स्क्रू जागेवर होता. मोहोर शाबूत होती. नमदा बंद करून त्यांनी नुकुला आत सोडलं. तो सोफ्याशी गेला. मिनिटाला सात.

अत्सुमीकाका बराच वेळ दोन रेघांकडे पाहत होते. एक नुकुची, एक सोफ्याच्या त्या टोकाची.

"बाई, ही बघा. आधी नुकुची रेघ उतरायची, मग ती दुसरी. कालपासून उलटं झालंय."

"म्हणजे?"

"आता हा शिकवत नाहीये. शिकतोय."

काकांनी टोपी घातली, मफलर गुंडाळला. "कान मी दिले," ते म्हणाले. "त्यांना आता जे ऐकू येतंय ते मला ऐकायचं नाही." ते निघून गेले आणि परत आले नाहीत.

मंगळवारी सहा.

मी उन्हाच्या खोलीत गेलो. अकराही जण आपापल्या जागी होते. कोगुरेआजींच्या हातात संत्रं होतं, अर्धं सोललेलं. कोणी झोपलेलं नव्हतं. सगळ्यांचे डोळे उघडे, चेहरे प्रसन्न. खोलीत काहीतरी वेगळं होतं आणि ते काय हे लक्षात यायला मला थोडा वेळ लागला.

सुयांचा आवाज येत होता. मग थांबायचा. मग पुन्हा.

मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

अकरा छात्या एकदम वर गेल्या. एकदम खाली आल्या.

मिनिटाला सहा.

"आजी," मी म्हणालो. "बरं वाटतंय ना?"

आजींनी उत्तर द्यायला वेळ घेतला. पुढचा श्वास येईपर्यंत त्या थांबल्या होत्या.

"इतकं बरं," त्या म्हणाल्या, "कधी वाटलं नव्हतं."

आठवड्याला येणाऱ्या डॉक्टरांनी सगळ्यांचा रक्तदाब पाहिला. गेल्या पाच वर्षांतला सगळ्यात चांगला. दोघांच्या झोपेच्या गोळ्या बंद झाल्या होत्या. कोगुरेआजींच्या लेकीने बाईंचे दोन्ही हात धरून आभार मानले आणि येताना आणलेला गोड पोळ्यांचा डबा पुढे केला.

बारा फेब्रुवारी, शेवटचा दिवस. आकडा पाच. दुपारी साडेतीनला कार्यालयात बाईंनी समितीचा अर्ज भरला. मी समोर बसलो होतो.

"आठच्या खालचं लिहा," मी म्हणालो.

"रकाना नाही."

"मग शेरा लिहा. शेऱ्याला जागा आहे."

"काय लिहू? माणसं जास्तच बरी झाली, अशी तक्रार?" त्यांनी डोळे वर केले. त्यांच्या आवाजात चीड नव्हती. "सोप्पं आहे, कुरामोचीसाहेब. मी 'खोटा प्रतिसाद, तीस' लिहावं आणि घरी जावं. साठ निवासांतली म्हातारी माणसं भिंतीकडे बघत बसू देत. पण ते खोटं होईल. माझं यंत्र एकदाही चुकलेलं नाही. तिथे कोणीतरी बावीस श्वासांचं दुःख घेऊन बसलं होतं. माणसांना कळलं नाही, मला कळलं नाही. त्याला कळलं. तो त्याच्याजवळ गेला. आणखी काय हवं असतं हो माणसाला?"

त्यांनी रकान्यात 'शून्य' लिहिलं आणि शिक्का उमटवला. मग काचेतून उन्हाच्या खोलीकडे पाहिलं. आपलं मूल शाळेच्या व्यासपीठावर उभं असताना आई पाहते तसं.

"बघा," त्या म्हणाल्या. "बाराही जण किती शांत आहेत."

माझ्या त्या दिवशीच्या चौकटीचा मथळा होता : 'तीस दिवस, एकही चूक नाही.' त्यातला शब्दही खोटा नव्हता. बाईंनी ती चौकट कापून पाकिटात ठेवली असं मला नंतर कळलं.

पंचवीस मार्चला मंजुरी आली. एप्रिलपासून नुकु साठ निवासांत जायला लागले. तिथून आजवर तक्रार आलेली नाही. तिथल्या मोजणीचे कागद मी मागितले आहेत. ते अजून मिळालेले नाहीत.

मिझोगामीबाई निवृत्त झाल्या. दुसऱ्याच आठवड्यात त्या 'हिदामारी'त राहायला गेल्या. चौसष्टाव्या वर्षी, धडधाकट असताना. एप्रिलच्या शेवटी मी त्यांना भेटायला गेलो होतो. त्या सोफ्याच्या उजव्या टोकाला बसल्या होत्या. ताठ, नीटनेटक्या. मी नमस्कार केला. थोड्या वेळाने त्यांनी मान लववली.

"लिहीत राहा," त्या म्हणाल्या. पुढच्या श्वासाला म्हणाल्या, "छान लिहिता." त्याच्या पुढच्याला म्हणाल्या, "नेमकं."

त्या दिवशीचा कागद मी पाहिला. तेरा.

मी परत गेलो नाही. मात्र रोज दुपारी चिहारूला फोन करून आकडा घेतो. चौकट कधीच बंद झाली आहे, हे छापायला नसतं. कोणीतरी लिहून ठेवायला हवं म्हणून ठेवतो. चार. साडेतीन. तीन. सगळ्यांची तब्येत उत्तम.

आज मंगळवार, वीस मे. दोन वाजून चौदा मिनिटांनी मी कार्यालयातल्या माझ्या टेबलावरून फोन केला.

"नोनाकाबाई, आज किती?"

"श्वास दोन," चिहारू म्हणाली. "उपस्थित चौदा."

"चौदा? नवीन कोणी आलं?"

"तुम्हाला धरून, साहेब."

"मी इथे आहे. कार्यालयात."

तिच्यामागे खोलीत काहीही ऐकू येत नव्हतं.

"मी बोट दाखवून मोजलंय," ती म्हणाली. "तुमचं नाव घेतलं. ठीक म्हटलं. आता शाईने लिहिलंय." मग, समजूत घातल्यासारखं, "काळजी करू नका. सात नंबर तुमच्याजवळच आहे. दोन वाजून दहाला गेला तो. बाई म्हणतायत, आलात तेव्हा बावीस होता. आता वीसवर आलाय."

मी फोन ठेवला. माझं टेबल खिडकीशी आहे. डावा हात टेबलावर ठेवून मी घड्याळाचा काटा बारावर यायची वाट पाहिली आणि पूर्ण एक मिनिट माझा श्वास मोजला. दोनदा मोजला.

दोन वाजून चोवीस मिनिटं. वीस.